तत्त्वज्ञान विभाग झालाच पाहिजे

छप्पन सालच्या जूनमध्ये आमच्या कॉलेजच्या प्रिन्सिपॉलसाहेबांचं एक पत्र नाबर सरांना आलं, आणि सर ते फोडत असताना मी नेमका त्यांच्यासमोर बसलो होतो. माझा गुन्हा एवढाच. पोस्टमन अर्धा तास उशिरा आला असता तर मी दादरला घरी पोचून चहा पीत बसलो असतो, आणि पुढचं काही घडलं नसतं.

नाबर सर गिरगावात, मुगभाटात, दुसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. बावीस वर्षं ते आमच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत होते. म्हणजे विभागप्रमुख तेच, प्राध्यापक तेच आणि वर्गातला पंखा बिघडला की अर्ज लिहिणारेही तेच. कॉलेजचं नाव सांगत नाही, उगाच कुणाला वाईट वाटायला नको. मी सरांचा जुना विद्यार्थी. बी. ए., तत्त्वज्ञान, तिसरा वर्ग. महिन्यातून एकदा मी त्यांच्याकडे जायचो, नेलेलं पुस्तक परत करायचो आणि नवं न्यायचो. मी ते वाचत नाही हे सरांना ठाऊक होतं. तरी ते दर वेळी विचारायचे, "कसं वाटलं?" आणि मी म्हणायचो, "विचार करायला लावणारं आहे." एवढा प्रामाणिक अभिप्राय त्यांना दुसऱ्या कुणी दिला नसेल.

पत्रात लिहिलं होतं की तत्त्वज्ञान विभागात यंदा दोन्ही वर्ग मिळून सातच विद्यार्थी आहेत, आणि टंकलेखनाचा वर्ग सुरू करण्यासाठी नियामक मंडळाला खोली हवी आहे. तथापि, या विभागास समाजाचा व माजी विद्यार्थ्यांचा पाठिंबा असल्याचे सप्टेंबरअखेर दिसून आल्यास फेरविचार करता येईल.

सरांनी कागदाची नीट घडी घातली. म्हणाले, "टायपिंग यायलाच हवं म्हणा मुलांना."

ते चिडले असते तर मीही चार शब्द चिडून घरी गेलो असतो. पण त्यांनी अशी समोरच्याचीच बाजू घेतल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, "काळजी करू नका सर. मी बघतो."

मी म्युनिसिपालिटीच्या पाणीखात्यात कारकून. परळच्या आमच्या कचेरीत नळ कोरडा असल्याची तक्रार घेऊन माणूस आला की आम्ही म्हणतो, "मी बघतो." मग कुणीही बघत नाही. अकरा वर्षांच्या नोकरीत जिभेला लागलेलं वळण ते. पण सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "बघशील? मग कोंडीरामला आधी शोध. तो भेटला तर माझं अर्धं काम झालं."

कोंडीराम म्हणजे सरांच्या बावीस वर्षांतला एकुलता एक खरा विद्यार्थी. लालबागच्या गिरणीतल्या एका विणकाराचा मुलगा, माझ्या मागून पाच-सहा वर्षांनी शिकलेला. त्यानं म्हणे एकदा वर्गात एक प्रश्न विचारला. सर म्हणाले, "उद्या सांगतो." तिसऱ्या दिवशी सरांनी वर्गात येऊन सांगितलं, "मला येत नाही." ही गोष्ट सर इतक्या आनंदानं सांगायचे की जणू त्यांनाच पहिला वर्ग मिळाला होता.

मी कामाला लागलो. प्रथम माजी विद्यार्थ्यांची यादी हवी. कॉलेजच्या हेडक्लार्कनी सांगितलं की रजिस्टर फक्त माजी विद्यार्थ्यालाच दाखवता येतं, तेव्हा तुम्ही माजी विद्यार्थी असल्याचा दाखला आणा. दाखला कोण देणार? विभागप्रमुख. सरांकडून दाखला आणला. हेडक्लार्क म्हणाले, "यांचा विभाग सध्या विचाराधीन आहे. त्यांची सही चालेल का ते विचारावं लागेल." कुणाला? प्रिन्सिपॉलसाहेबांना. ते रजेवर. मी म्युनिसिपालिटीतला माणूस, मला कागदाची अडवणूक नवी नाही. पण टेबलाच्या या बाजूला उभं राहून ती कशी दिसते हे मी प्रथमच पाहिलं. त्या आठवड्यात मी कचेरीत एका बाईचा नळ खरोखर दुरुस्त करवून दिला. साहेबांनी मला बोलावून तब्येत विचारली.

शेवटी यादी मिळाली. एकशे त्रेचाळीस नावं. आमच्या शेजारचे बाबुराव, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले, यादी बघून म्हणाले, "गंगाधरपंत, पोस्टकार्डांनी काही व्हायचं नाही. हँडबिल काढा. आणि खाली 'झालाच पाहिजे' घाला."

"काय झालाच पाहिजे?"

"काहीही. हल्ली मुंबईत त्याशिवाय कागद वाचतंय कोण?"

मी ठाम नकार दिला. तत्त्वज्ञान म्हणजे काही मोर्चा नव्हे. 'तत्त्वज्ञान विभाग : माजी विद्यार्थ्यांस नम्र विनंती' असा मजकूर लिहून मी गिरगावातल्या एका छापखान्यात दिला. त्या दिवसांत सगळे छापखाने चळवळीच्या पत्रकांनी भरलेले. आमचं काम दोन पत्रकांच्या मध्ये घुसवलं गेलं, आणि आधीच्या पत्रकाची शेवटची ओळ यंत्रावर तशीच जुळवलेली राहिली. पाचशे हँडबिलं हातात आली ती अशी : वरती मोठ्या टायपात 'तत्त्वज्ञान विभाग', मध्ये माझी नम्र विनंती बारीक टायपात, आणि खाली मुठीएवढ्या अक्षरांत 'झालाच पाहिजे!' त्याखाली माझं नाव आणि पत्ता.

छापखानेवाला म्हणाला, "वाईट काय दिसतंय?"

खरं सांगायचं तर चांगलं दिसत होतं. मी ती वाटली. माझी पुढची सगळी फरफट या एका वाक्यात आहे.

चार दिवसांनी दारात हवालदार. हँडबिल त्याच्या हातात. ललितानं, म्हणजे माझ्या बायकोनं, घाबरून त्याला आधी पाणी दिलं, मग चहा दिला. त्यानं दोन्ही घेतलं आणि वही उघडली.

"हा तत्त्वज्ञान विभाग. ह्यात काय काय येतं? डांग येतं?"

"नाही."

"बेळगाव? कारवार?"

"नाही हो. हा शिकण्याचा विषय आहे. आत्मा, जग, सत्य, असलं."

"मुंबईसकट?"

"मुंबईचा काही संबंध नाही."

हवालदारानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मुंबई नाही, बेळगाव नाही, मग एवढं कशाला पायजे?"

त्यानं वही मिटली आणि तो गेला. पण हँडबिल प्रिन्सिपॉलसाहेबांपर्यंतही पोचलं होतं, आणि त्यांनी मला बोलावून घेतलं ते चहापाण्यासाठी नव्हे. ते म्हणाले, "जानेवारीत या रस्त्यावर काय झालं ते मी खिडकीतून पाहिलंय. माझं कॉलेज मला यात नकोय. यादीत, सभेत, भाषणात, कुठंही या चळवळीचा वास आला तर विषय तिथल्या तिथं संपेल. सरांना सांगा." ते वाईट नव्हते, घाबरलेले होते. मी सरांना काहीच सांगितलं नाही. म्हटलं, आपणच सांभाळू.

मग निवेदनावर सह्या घ्यायला आणि सप्टेंबरात ठेवायच्या सभेचं बोलावणं द्यायला घरोघरी हिंडणं सुरू झालं. दादरला एक माजी विद्यार्थी होजिअरीचं दुकान चालवत होता. त्यानं सही दिली आणि मला न विचारता दोन बनियन बांधून दिले. एकानं पोस्टकार्डावर कळवलं, "आपण उल्लेखिलेला इसम मी नव्हे." अक्षर त्याचंच होतं. माहीमला सुमेधाबाईंकडे गेलो. सरांच्या पहिल्या विद्यार्थिनी. दार त्यांच्या सासूबाईंनी उघडलं. मी म्हटलं, "तत्त्वज्ञानासंबंधी आलोय."

"आमचे गुरू ठरलेले आहेत," असं म्हणून त्यांनी दार लावलं.

मी जिना उतरत होतो तेवढ्यात सुमेधाबाई मागून धावत आल्या, हात पिठानं माखलेले. मी घाईघाईनं सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "सर अजून 'समजा' म्हणून वाक्य सुरू करतात?"

"करतात."

त्या वर बघून हळू आवाजात म्हणाल्या, "समजा, सभेच्या रविवारी मी माटुंग्याला मावशीकडे गेले..." आणि हसल्या. मग डोळे पुसले, तर गालाला पीठ लागलं. मी तोवर ओळखत होतो ते तत्त्वज्ञान असं कुणाला रडवणारं नव्हतं.

परळच्या चाळीत जयवंत राहायचा. पोस्टाच्या सॉर्टिंगमध्ये नोकरीला, कोंडीरामच्याच वर्गातला. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली पुस्तकांची फळी, आणि त्यातली सगळी वाचलेली दिसत होती. मला आपलं खजील व्हायला झालं. मी म्हटलं, तुम्ही याल का, कॉलेजच्या आठवणी काही...

"कॉलेजच्या आठवणी चांगल्या नाहीत," जयवंत म्हणाला. "पाण्याच्या माठापाशी मला थांबवणारे तिथं होते. सरांच्या वर्गात माझा प्रश्न थांबवणारं कुणी नव्हतं. येईन मी." सही करून त्यानं विचारलं, "कोंडीरामकडे गेलात?"

"उद्या जातोय. कसा आहे तो?"

जयवंतनं पेनाचं टोपण बराच वेळ लावलं. "जाऊन या," एवढंच बोलला.

दुसऱ्या दिवशी लालबागला गेलो. तिसरा मजला, टोकाची खोली. कोंडीरामच्या आई, सुंदराबाई, गॅलरीत तांदूळ निवडत होत्या. मी हँडबिल पुढं केलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण खालची मोठी अक्षरं त्यांनी आकारावरून ओळखली, आणि सूप बाजूला ठेवलं.

"समितीचे काय तुमी? फोटो आता देऊचो नाय. होतो तो नेल्यानी मिरवणुकीक, परत नाय हाडल्यानी."

मी आत पाहिलं. भिंतीला खिळा होता. खिळ्याला सुकलेला हार होता. हाराच्या आत फोटो नव्हता.

मला कळायला तेवढं पुरेसं होतं, तरी मी खुळ्यासारखा उभा राहिलो. सुंदराबाईच बोलल्या. आवाज अगदी साधा, रोज सांगून सांगून गुळगुळीत झालेला. "लोक म्हणतत मोर्च्यात होतो. तो मोर्च्यात नव्हतो हो. दळाण हाडूक मीच धाडलंय त्याका. म्हटलंय, आता सामसूम झाली, जा, घेवन ये. नाक्यार गोळी लागली. दळाणाचो डबो लोकांनी हाडून दिल्यानी. सगळा पीठ तसाच्या तसा."

मी खाली बसलो. माझ्या पाणीखात्यातल्या अकरा वर्षांत मी एकही योग्य शब्द शिकलो नव्हतो. शेवटी आलो कशाला ते सांगितलं : त्याचे सर, त्यांचा विभाग, सह्या.

"म्हणजे त्याच्या मास्तरांचा काम? मग घाला त्याचा नाव. तो असतो तर इलो असतो. आंगठो मी देतंय."

शेजारून त्यांनी शाई आणली. माझ्याकडे सह्यांचे चार कागद होते आणि पाचवा कोरा होता. त्यावर मी लिहिलं, कोंडीराम, बी. ए., आणि त्यापुढं त्यांनी आंगठा उमटवला. दाबून, सावकाश, कडा पुसट होऊ न देता.

घरी येऊन मी जेवलो नाही. बाबुरावांनी सगळं ऐकलं, कागद बघितला, आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणून म्हणाले, "गंगाधरपंत, हा कागद बाहेर काढा. गोळीबारात गेलेल्याचं नाव, त्याच्या आईचा आंगठा. तुमचे प्रिन्सिपॉल काय म्हणाले होते आठवतंय ना? या एका कागदानं बाकीचे चार बुडतील."

सल्ला शहाणपणाचा होता. मी पाचवा कागद काढला आणि दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या माझ्या खणात, नळांच्या तक्रारींखाली ठेवला. ललिताच्या लक्षात आलं.

"तो आंगठा कुठं गेला?"

"अगं, राजकारणाचा प्रश्न येतो."

"दळण आणायला जाणं हे राजकारण?" ती म्हणाली. मग दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली.

सरांना सांगायचं मी ठरवून गेलो होतो, देवाशपथ. जिना चढताना वाक्यही जुळवलं होतं. पण सरांनी दार उघडता उघडताच विचारलं, "कोंडीराम भेटला?" आणि त्यांचा चेहरा असा होता की मी म्हणालो, "अहमदाबादला असतो, सर. मिलच्या कामासाठी. चांगली जागा आहे."

सभेपुरतं, असं मी मनाशी म्हटलं. सभा पार पडली की सांगू. सर खुर्चीत बसले आणि कितीतरी वेळ नुसते हसत होते. "अहमदाबाद! तिथं त्याला बोलायला कोण मिळत असेल?" लगेच कागद ओढून त्यांनी पत्र लिहिलं, पाकिटात घातलं आणि माझ्या हातात दिलं. "पत्ता तू घाल."

ते पत्र खणात गेलं. पंधरा दिवसांनी दुसरं दिलं. "उत्तर नाही आलं, कामात असेल. यात एक मुद्दा राहिला होता तो लिहिलाय." मग गणपतीच्या आदल्या दिवशी तिसरं. बाबुराव म्हणाले, "त्याच्या नावानं दोन ओळी लिहून टाका ना. म्हाताऱ्याला बरं वाटेल." मी खरोखर बसलो लिहायला. 'ती. सरांना सा. न. वि. वि.' इथपर्यंत आलो आणि थांबलो. पुढं कोंडीराम काय म्हणाला असता हे मला सुचेना. तिसऱ्या वर्गाच्या माणसाला खोटं बोलता येतं, पण पहिल्या वर्गाचं खोटं लिहिता येत नाही. कागद फाडून टाकला. त्या फाडण्याचं मला थोडं समाधानही वाटलं, हे आज कबूल करतो.

सभा विसर्जनानंतरच्या रविवारी दुपारी ठेवली, विभागाच्याच खोलीत. एकशे त्रेचाळीसांतले सोळा आले. बाबुरावांनी आपल्या ओळखीचे दोन निवृत्त पार्सलबाबू आणून बसवले. सुमेधाबाई सासूबाईंना माटुंग्याला जाते असं सांगून आल्या होत्या. होजिअरीवाला आला. प्रिन्सिपॉलसाहेब आणि नियामक मंडळाचे दोन सदस्य पुढच्या बाकावर बसले. टंकलेखनाच्या टेबलांसाठी मापं घ्यायला आलेला एक सुतारही खिडकीशी पट्टी लावून उभा होता. त्याला कुणी सभेचं सांगितलंच नव्हतं. एका सदस्यानं मोजताना त्यालाही धरलं. एकोणीस. मी म्हटलं, असू दे.

सर बोलायला उभे राहिले. धोतर इस्त्रीचं, कोटाला वरचं बटण. ते बोलत असताना मागचं दार हळूच उघडलं. जयवंत आत आला, आणि त्याच्यामागून सुंदराबाई. हातात कापडी पिशवी. जयवंत त्यांच्याकडे दर महिन्याला जायचा, ते मला नंतर कळलं. त्यांनीच म्हटलं होतं, मास्तरांना बघायचंय. सरांना ठाऊक नाही हे जयवंतच्या स्वप्नातही नव्हतं. ते मला ठाऊक होतं. मी उठून त्यांच्याकडे जायला हवं होतं. माझे पाय बाकाखालून निघाले नाहीत.

सर म्हणत होते, "समजा, कुणी विचारलं की या विभागानं काय दिलं. मी एकच नाव सांगेन. लालबागच्या एका गिरणीकामगाराचा मुलगा माझ्या वर्गात बसायचा. मला न आलेले प्रश्न त्यानं मला दिले. तो आज अहमदाबादला मोठ्या जागेवर आहे. कामात इतका गढलेला की माझ्या तीन पत्रांना त्याचं उत्तर नाही. आणि मला त्याचं वाईट वाटत नाही, कारण कोंडीराम..."

"मास्तर."

सुंदराबाई उभ्या राहिल्या होत्या. चारचौघांत बोलायची सवय नसलेल्या बाईचा आवाज, तरी सगळ्यांना ऐकू आला. "तो अहमदाबादेक नाय. तो नाय आता. जानेवारीत गोळी लागली त्याका."

सुताराची पट्टी खिडकीवरच थांबली. सरांनी सुंदराबाईंकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"तुला ठाऊक होतं?"

"हो, सर."

"कधीपासून?"

"श्रावणापासून."

सर रागावले नाहीत. त्यांनी टेबलाची कड धरून व्यासपीठावरून एक पाय खाली ठेवला, मग दुसरा, आणि खोलीची सगळी लांबी चालत जाऊन शेवटच्या बाकावर सुंदराबाईंच्या शेजारी बसले. पुढच्या बाकावरचे एक सदस्य घड्याळ बघून म्हणाले, "सभा राजकारणाकडे वळतेय असं नाही वाटत?" जयवंत म्हणाला, "साहेब, सभा संपली. माणूस गेलाय, तेवढं तरी कळू द्या त्यांना." सुमेधाबाई तोंडाला पदर लावून रडत होत्या. पार्सलबाबू माझ्याकडे, आता उठायचं का, असं बघत होते. सुंदराबाईंनी पिशवीतून एक वही काढली आणि सरांच्या मांडीवर ठेवली. "कायबाय लिवायचो ह्याच्यात. तुमी वाचशात म्हणान हाडलंय." सरांनी ती उघडली, पण पहिल्या पानावरून त्यांची नजर हललीच नाही.

दुसऱ्या दिवशी खणातला पाचवा कागद आणि तीन पत्रं घेऊन मी मुगभाटात गेलो. पायावर डोकं ठेवायची तयारी होती. सरांनी ती वेळ येऊ दिली नाही. पत्रं घेतली आणि उशाखाली ठेवली. कागदावरचा आंगठा खिडकीशी नेऊन पाहिला.

"तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून सर..." मी सुरुवात केली.

"नाही," ते म्हणाले. "विभाग वाचावा म्हणून. मला त्रास होऊ नये, हे तू नंतर जोडलंस." आणि थोड्या वेळानं, "मीही जोडलं असतं." ते दुसरं वाक्य त्यांनी मला बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं. त्यानं अजिबात बरं वाटलं नाही.

पाचवा कागद बाकीच्या चारांना टाचून सरांनी स्वतः कॉलेजच्या कचेरीत नेऊन दिला. हेडक्लार्कनी आवकचा शिक्का मारला. दहा दिवसांत मंडळाचं उत्तर आलं : पुरेसा पाठिंबा दिसून आला नाही, सबब विभाग पुढील सत्रापासून बंद करण्यात येत आहे. खाली टीप होती, "निवेदनावरील एका आंगठ्याच्या निशाणीबाबत सदर व्यक्ती माजी विद्यार्थी असल्याचा पुरावा जोडलेला नाही." बाबुराव मला समजावत राहिले की मापं आधीच घेतली होती, म्हणजे सगळं ठरलेलंच होतं. असेलही. सुतार सभेच्या आधी आला होता हे खरंच आहे. पण ठरलेलंच होतं तर मी तो कागद खणात कशाला ठेवला? सरांना वर्षभर नीतिशास्त्राऐवजी व्यापारी पत्रलेखन शिकवायला सांगितलं. त्यांनी नम्रपणे राजीनामा दिला.

मी त्यांच्याकडे जाणं सोडलं. म्हणजे जायला निघायचो आणि ठाकुरद्वारापासून परत यायचो. पुस्तक एक माझ्याकडे राहिलेलं होतं. पहिल्यांदाच मी ते वाचलं. सगळं नाही, पण वाचलं. डिसेंबरात एकदा जयवंत परळला रस्त्यात भेटला. खूप वाळला होता. बाबासाहेब नुकतेच गेले होते, जयवंतच्या सगळ्या चाळीवरच त्या दिवसांत सुतक होतं. तो म्हणाला, "सर दर रविवारी सकाळी लालबागला येतात. वही वाचून दाखवतात आईंना. तुम्ही एकदा या."

"मला कोण बोलावतंय?"

"मी बोलावतोय ना," जयवंत म्हणाला.

त्या रविवारी गेलो. गॅलरीत सतरंजी घातलेली. सर भिंतीला टेकून बसले होते, वही डोळ्यांच्या अगदी जवळ धरलेली. मोतीबिंदू इतका वाढलाय हे मला ठाऊक नव्हतं. सुंदराबाई समोर लसूण सोलत होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि सरकून जागा केली. सरांनी मान वर केली नाही. पायरव ओळखला असावा. एक ओळ त्यांनी दोनदा वाचायचा प्रयत्न केला, मग वही बाजूला माझ्याकडे धरली.

"पुढचं तू वाच. मला दिसत नाही."

तीन महिन्यांनी त्यांनी मला उद्देशून बोललेलं ते पहिलं वाक्य. मी वही घेतली. बारीक, सरळ अक्षर, शाई काही ठिकाणी पुसट झालेली. मी वाचलं :

"असं केलं नसतं तर तसं झालं नसतं, असं आपण रोज म्हणतो. ते जे झालं नसतं, ते कुठं असतं? कुठंच नसेल, तर माणूस त्याच्यासाठी रडतो कसा?"

लसूण सोलणारे हात थांबले. सर डोळे मिटून बसले होते. खालच्या रस्त्यावर कुणीतरी हातगाडी ढकलत नेत होतं.

"हेचो अर्थ काय?" सुंदराबाईंनी मला विचारलं. सरांना नव्हे, मला.

मी बी. ए. होतो, याच विषयात. सरांनी मला दोन वर्षं शिकवलं होतं. काहीतरी सांगता आलं असतं, आणि त्यांना ते खरंही वाटलं असतं.

"मला नाही ठाऊक, आई," मी म्हणालो.

सुंदराबाईंनी मान हलवली. "त्याका पण नसायचो ठाऊक. नुसतो विचारीत बसायचो." त्यांनी पुन्हा लसूण हातात घेतला. "वाचा फुडे."

मी पान उलटलं.